धंतोलीतला शनिवारचा वर्ग: पैसे वसूल, पण टोपली ठेवा

पाचपैकी साडेतीन तारे. अर्धा तारा खुर्च्यांसाठी कापला. एक कशासाठी कापला ते पुढे येईलच, खरं तर ते सांगायलाच हा रिव्ह्यू लिहायला घेतला.

आधी माहिती. सहा शनिवार, संध्याकाळी साडेचार ते साडेसहा, फी पंधराशे रुपये, त्यात झेरॉक्स नोट्स आणि चहा. शिकवणारे सर निवृत्त वकील आहेत. विषय एकच: एखादा पक्ष निवडणुकीच्या रस्त्यानं येऊन निवडणूकच गुंडाळायला निघाला, तर लोकशाहीनं त्याला कुठवर सहन करायचं? पत्रकावर हे वाचून मला वाटलं, सहा शनिवार पुरवायचे म्हणजे भाषणबाजी असणार. तशी ती निघाली नाही.

मी प्रतापनगरात मेस चालवते. एमपीएससीची पोरं, थोडे इंजिनिअरिंगवाले, दोन बँकेतले. निवडणुका आल्या की माझ्याकडे वरणभातापेक्षा भांडणच जास्त वाढलं जातं. कोणाला गप्प बसवायचं आणि कोणाला बोलू द्यायचं हा माझा रोजचा प्रश्न. पुतणी म्हणाली, काकू, तुम्ही जाऊनच या. गेले.

जागा धंतोलीत, पहिल्या मजल्यावर, खाली दवाखाना. धंतोलीचं पार्किंग नागपूरकरांना सांगायला नको. गाडी आणूच नका, मेट्रोनं काँग्रेसनगरला उतरा आणि चालत या. खुर्च्या लग्नाच्या मांडवातल्या, प्लॅस्टिकच्या, त्यातल्या काहींचा एक पाय आखूड. दोन तास बसलं की कंबर बोलायला लागते. कूलर आहे, पण तो लावला की सरांचा आवाज मागच्या रांगेत पोचत नाही, म्हणून पुढे बसा. चहा मात्र झकास, आलं घातलेला, आणि मधल्या सुट्टीत आलुबोंडा मिळतो. तो गरम असेल असं काही नाही.

पहिल्याच दिवशी सरांनी फळ्यावर पाच आकडे लिहिले: २.६, १८.३, ३७.३, ३३.१, ४३.९. पक्षाचं नाव नाही, देशाचं नाव नाही. म्हणाले, ही पाच वर्षांतली मतांची टक्केवारी आहे, हा पक्ष तुम्ही कुठे थांबवला असता? पुढच्या रांगेतले एक काका लगेच म्हणाले, २.६ वर, रोपटं असतानाच उपटायचं. सर म्हणाले, त्या निवडणुकीत एवढ्याशा मतांचे पक्ष ढीगभर होते, तुम्ही कोणकोणते उपटाल? काका बसले. कोणी ३७.३ म्हणालं. सर म्हणाले, आता देशातल्या दर तीन मतदारांमागे एकाहून जास्त त्यांच्यामागे आहे, पोलीस कोणाला आधी धरतील? मग त्यांनी आकड्यांखाली वर्षं लिहिली. १९२८, १९३०, जुलै १९३२, नोव्हेंबर १९३२, मार्च १९३३. जर्मनी, हिटलरचा पक्ष.

मला सगळ्यात जास्त धक्का बसला तो पुढच्या गोष्टीचा. त्या पक्षावर बंदी घालून झालेलीच होती! १९२३ च्या फसलेल्या उठावानंतर बंदी आली, १९२५ मध्ये पक्ष पुन्हा उभा राहिला. १९३२ च्या एप्रिलमध्ये त्यांच्या गणवेशातल्या टोळ्यांवर बंदी आली, आणि नवा चान्सलर, म्हणजे तिथला पंतप्रधान, आल्यावर जूनमध्ये उठलीसुद्धा. म्हणजे कायदा हाताशी होता, तो वापरणाऱ्यांचंच मन पालटलं. नोव्हेंबरला तर त्यांची मतं घसरली होती. तरी ३० जानेवारी १९३३ ला हिटलरला चान्सलर केलं, कारण जुन्या घरंदाज पुढाऱ्यांना वाटलं की हा आपल्या मुठीत राहील. मंत्रिमंडळात त्याच्यासकट त्याच्या पक्षाचे तिघंच होते. सर म्हणाले, दार फोडून कोणी आलं नाही, दार आतून उघडलं गेलं.

दुसऱ्या शनिवारी २३ मार्च १९३३ चं मतदान. संसदेला बाजूला सारून सरकारनंच कायदे करावेत, असा तो कायदा. त्याला दोनतृतीयांश मतं लागत होती. ४४४ बाजूनं, ९४ विरोधात. कम्युनिस्ट खासदार आधीच तुरुंगात किंवा भूमिगत, सभागृहात गणवेशातली माणसं उभी. ती ९४ मतं सगळी सोशल डेमोक्रॅट्सची. त्यांचा नेता ओटो वेल्स अशा सभागृहात उभा राहून विरोधात बोलला. जुलैच्या मध्यापर्यंत दुसरा पक्ष काढणंच गुन्हा झालं होतं.

इथे मी हात वर केला. माझ्या मेसमध्ये महिन्याच्या भाज्या पोरं मतदानानं ठरवतात. एकदा अकरा विरुद्ध सहा असं ठरलं की आता दर महिन्याला मत घ्यायचं नाही, हाच मेन्यू कायम. अकराजण म्हणत होते, बहुमत आहे, काकू, तुम्ही कायले मधात पडून राहिल्या? आणि मला उत्तर सुचत नव्हतं, कारण बहुमत खरंच होतं. वर्गात हशा झाला, पण सरांनी प्रश्न उचलला. म्हणाले, त्या अकराजणांना या महिन्याची भाजी ठरवायचा पूर्ण हक्क आहे. पुढच्या महिन्याचं मत त्यांच्या मालकीचं नाही, ते जूनमध्ये येणाऱ्या नव्या पोराचंसुद्धा आहे. मग त्यांनी हे थेट आपल्या सुप्रीम कोर्टाला नेऊन जोडलं. केशवानंद भारती खटला, २४ एप्रिल १९७३, सात विरुद्ध सहा: संसदेला घटना दुरुस्त करता येते, तिचा पायाभूत ढाचा मोडता येत नाही. आणि १९७५ मध्ये इंदिरा गांधींच्या निवडणुकीच्या खटल्यात खऱ्याखुऱ्या निवडणुका या त्या ढाच्याचा भाग धरल्या गेल्या. जर्मनांनीही १९४९ च्या घटनेत अशी काही कलमं ठेवली की कितीही बहुमत आणा, बदलता येत नाहीत. मला माझं उत्तर मिळालं. पंधराशेतले हजार तिथेच वसूल.

परदेशांची उदाहरणं पुढे थोडी लांबली. तरी दोनतीन लक्षात राहिली. जर्मनीत आता पक्षावर बंदी सरकार घालू शकत नाही. सरकारनं किंवा संसदेच्या सभागृहांनी कार्ल्सरूहच्या घटना न्यायालयाकडे अर्ज करायचा, ठरवणार न्यायालय. १९५२ मध्ये नाझींच्या वारस पक्षावर बंदी आली, १९५६ मध्ये कम्युनिस्ट पक्षावर. आणि २०१७ मध्ये एनपीडी नावाच्या पक्षाबद्दल न्यायालय म्हणालं की हेतू घटनाविरोधी आहेत, पण ते तडीस न्यायची ताकद या पक्षात नाही, म्हणून बंदी नाही. त्यावर तिथल्या संसदेनं घटना दुरुस्त केली आणि जानेवारी २०२४ मध्ये त्या पक्षाची सरकारी मदत सहा वर्षांसाठी बंद झाली. मला हे फार पटलं. काहीच न करणं आणि गळा दाबणं यांच्या मधेही बऱ्याच पायऱ्या असतात, हे आपल्या टीव्हीवरच्या चर्चांत कोणी सांगत नाही.

तुर्कस्तानचं उदाहरण उलटं. १९९८ मध्ये तिथल्या घटना न्यायालयानं रेफाह हा इस्लामवादी पक्ष बंद केला, जो थोडं आधी सरकारात होता. युरोपच्या मानवाधिकार न्यायालयानं ती बंदी ग्राह्यही धरली. त्याच पक्षाचा इस्तंबूलचा महापौर एर्दोगान. २००१ मध्ये त्याचा नवा पक्ष निघाला, २००२ मध्ये तो सत्तेत आला. आणि ग्रीसमध्ये गोल्डन डॉन या नवनाझी पक्षाच्या पुढाऱ्यांना २०२० मध्ये शिक्षा झाली ती विचारांसाठी नाही. एका गायकाच्या खुनापासून तपास लागला आणि तो पक्षच गुन्हेगारी टोळी ठरला. सर या खटल्यावर बराच वेळ थांबले. त्यांचं म्हणणं, माणूस काय बोलतो यापेक्षा तो काय करतो यावर हात टाका, पुरावाही टिकतो आणि हुतात्माही तयार होत नाही.

भारताचा शनिवार सगळ्यात रंगला आणि नेमका त्यालाच वेळ कमी पडला. नागपूरच्या खोलीत हा विषय काढणं म्हणजे काय, ते इथल्यांना कळेल. पुढच्या रांगेतल्या काकांचे वडील ४ फेब्रुवारी १९४८ च्या संघबंदीत आत होते, आणि १९७५ मध्ये काकांचा मोठा भाऊ. खिडकीजवळ बसणारे आजोबा जुने लाल बावट्याचे. आणि मागे दीक्षाभूमीला दरवर्षी सेवेला जाणारी तीन पोरं. सरांनी कोणालाच सोडलं नाही आणि कोणाचा अपमानही केला नाही. संघावरची बंदी जुलै १९४९ मध्ये उठली, ती संघटनेनं लेखी घटना दिल्यावर. तेलंगणात हत्यार घेतलेल्या कम्युनिस्टांवर काही प्रांतांत बंदी होती. १९५१ मध्ये त्यांनी लढा मागे घेतला, लगेचच्या पहिल्या निवडणुकीत लोकसभेतला सगळ्यात मोठा विरोधी गट झाले, १९५७ मध्ये केरळात सरकार. तेव्हा आजोबा म्हणाले, आणि १९५९ मध्ये ते बरखास्त कोणी केलं, तेही लिहा फळ्यावर. सरांनी लिहिलं, नेहरूंचं केंद्र सरकार.

द्रमुकची गोष्ट मला माहीत नव्हती. वेगळ्या द्रविडनाडूची मागणी करणारा पक्ष. १९६३ मध्ये सोळावी घटनादुरुस्ती आली, उमेदवाराला देशाच्या सार्वभौमत्वाची आणि अखंडतेची शपथ सक्तीची झाली. पक्षानं मागणी सोडली आणि १९६७ मध्ये मद्रास राज्य जिंकलं. पक्ष कोणी बुडवला नाही, अट घातली आणि दार उघडं ठेवलं. बोलायला हे सोपं, मान्य. मागणी सोडायला तयार नसलेल्या पक्षाचं काय, हे त्यावरून कळत नाही, आणि मी तसं म्हटलंही.

मग आणीबाणी. सरांचा प्रश्न सरळ होता: ४ जुलै १९७५ ला दोन डझनांवर संघटनांवर बंदी आली, त्यात संघ, जमाते इस्लामी, आनंदमार्ग, नक्षलवादी गट सगळे होते. बंदीचं कारण काय सांगितलं? देशाची सुरक्षा, लोकशाहीचं रक्षण. आणि त्या दिवशी लोकशाहीला धोका कोणाकडून होता? खोलीत कोणी बोललं नाही. लोकसभेची निवडणूक पुढे ढकलणारे सत्तेत, आणि बंदीचा शिक्काही त्यांच्याच टेबलावर. मिसाखाली, म्हणजे खटल्याशिवाय डांबायच्या कायद्याखाली, आत टाकलेल्यांचे अर्ज ऐकून घ्यायला जी उच्च न्यायालयं तयार झाली त्यांत आपलं नागपूर खंडपीठही होतं, हे सांगताना सरांची मान जरा ताठ झाली. सुप्रीम कोर्टानं २८ एप्रिल १९७६ ला ते उलटवलं, चार विरुद्ध एक. तो एक म्हणजे न्यायमूर्ती खन्ना. विरोधकाला बाद करायचा अधिकार त्याच्या प्रतिस्पर्ध्याच्या हातात देऊ नये, हे मला कोणत्याही नोट्सपेक्षा त्या अर्ध्या तासानं पटवलं.

तक्रार इथेच. आजचा कायदा शेवटच्या पंधरा मिनिटांत उरकला. लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम २९अ, नोंदणी करताना पक्षाला घटनेशी निष्ठा लिहून द्यावी लागते, आणि २००२ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की एकदा नोंदलेल्या पक्षाची नोंदणी निवडणूक आयोग, काही मोजके अपवाद सोडून, काढू शकत नाही. म्हणजे आत येताना शपथ, आणि नंतर ती पाळतो की नाही हे बघायला जवळजवळ कोणी नाही. हा तर पूर्ण शनिवारचा विषय! तुर्कस्तान थोडं कमी करा, सर.

बाबासाहेबांचं २५ नोव्हेंबर १९४९ चं भाषण निघालं तेव्हा सर पान शोधत राहिले. मागच्या तिघांतल्या एकानं तो भाग तोंडपाठ म्हणून दाखवला, कितीही मोठा माणूस असला तरी आपलं स्वातंत्र्य त्याच्या पायाशी वाहू नका, तो. सर नोट्स मिटून ऐकत राहिले. नागपुरात हे पान सरांनी शोधायचं कारणच नाही.

आता कापलेल्या ताऱ्याकडे येते. वर्गात एक तिशीतला मुलगा होता. हुशार, वाचून यायचा. त्याचं मत असं की लोकशाही म्हणजे वेळखाऊ बाजार, देशाला एक खमक्या माणूस पाहिजे आणि दहापंधरा वर्षं मतदान बंद. सरांनी त्याला तिसऱ्या शनिवारी पंधरा मिनिटं दिली. काका चिडले, आजोबा चिडले, मी नाही. बोलू दे की. त्याच्या एकेका मुद्द्याला सरांनी उत्तर दिलं, काहींना आजोबांनी दिलं, एकाला मी दिलं. तो वर्ग उत्तम झाला आणि त्याचं श्रेय त्या मुलालाही आहे.

चौथ्या शनिवारी एक कॉलेजची मुलगी बोलायला उठली. हा मधेमधे तोडायला लागला, ती थांबली नाही, तेव्हा त्यानं मोबाइल काढून तिचं शूटिंग सुरू केलं. सर म्हणाले, अरे ठेव तो. त्यानं ठेवला. रात्री तो तुकडा भलत्याच व्हॉट्सॲप ग्रुपवर, वर घाणेरडा शेरा, तिच्या कॉलेजच्या नावासकट. तिला अनोळखी नंबरांवरून फोन यायला लागले. आमच्या वर्गाच्या ग्रुपवर हे त्याच रात्री सगळ्यांना कळलं होतं. सरांनी लिहिलं, पुढच्या शनिवारी दोन्ही बाजू ऐकून घेऊ.

पुढच्या शनिवारी ती आलीच नाही, तिच्याशेजारी बसणारी ताईही नाही. मुलगा आला. सरांनी त्याचं म्हणणं ऐकलं, मग त्याला जिन्यात नेऊन पूर्ण पंधराशे परत दिले आणि उद्यापासून येऊ नकोस म्हणाले. व्हिडिओ समोर उभं राहून काढायला लावला. ठीक केलं, पण आठ दिवस उशिरा.

नंतर चहाच्या वेळी मी सरांना तसं म्हटलं. ते म्हणाले, वकिलाची सवय आहे काकू, नोटीस दिल्याशिवाय आणि ऐकल्याशिवाय कोणाला काढवत नाही, आणि मत वेगळं म्हणून काढलं असं उद्या कोणी म्हणू नये. दोन्ही मुद्दे खरे. पण सर, खटला चालायच्या आधी अंतरिम मनाई असते ना? ते तर तुम्हीच आयुष्यभर मागत आलात. त्या रात्री एवढंच लिहायचं होतं की निकाल लागेपर्यंत तू वर्गात येऊ नकोस आणि व्हिडिओ आत्ता काढ. तिसऱ्या शनिवारी त्याला बोलू दिलं ते बरोबरच होतं, तेव्हा तो फक्त बोलत होता. चौथ्या शनिवारी त्यानं दुसरीला बोलणं अशक्य केलं, आणि त्यानंतर एकेक दिवस आपण त्याला सहन करत होतो त्याची किंमत ती भरत होती. काका तर म्हणाले, मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं उपटा म्हणून. नाही काका, तेही नाही. पहिल्या दिवशी त्याला उपटला असता तर तिसऱ्या शनिवारचा वर्ग झालाच नसता.

सरांनी ऐकून घेतलं, वाद घातला नाही. पुढच्या बॅचपासून दारात टोपली, मोबाइल त्यात. आणि शूटिंग किंवा धमकी झाली तर त्याच दिवशी प्रवेश बंद, सुनावणी नंतर, हे पत्रकावर छापणार म्हणाले. सुनावणीही त्यांनी एकट्यानं न घेता वर्गातल्या तिघांनी घ्यावी, असं आजोबांनी सुचवलं. ते मान्य झालं की नाही, मला कळलं नाही.

एका प्रश्नावर मात्र सरांचं उत्तर मला लंगडं वाटलं. जर्मनीत फेब्रुवारी २०२५ मध्ये एएफडी या पक्षाला २०.८ टक्के मतं पडली, तो दुसऱ्या क्रमांकावर आला, आणि मे महिन्यात तिथल्या घटनासंरक्षण खात्यानं त्याला अतिउजवा, घटनाविरोधी ठरवलं. पक्ष लगेच कोर्टात गेला. छोटा होता म्हणून एनपीडी वाचला, मग मोठा झालेला पक्ष पाचापैकी एका मतदाराचा म्हणून वाचणार का? सर म्हणाले, न्यायालयावर सोडा. त्या मतदारांशी रोज ताटावर बसून बोलणार कोण, ते न्यायालय थोडंच ठरवणार आहे.

कोणी जावं: वकिलीची पोरं, शिक्षक, एमपीएससीवाले (पेपरसाठी नाही, मुलाखतीसाठी उपयोग होईल), आणि चार वेगळ्या मतांची माणसं एका छताखाली सांभाळणारे कोणीही. कोणी जाऊ नये: स्वतःच्या पक्षाची आरती ऐकायला जाणारे, हिरमोड होईल. नोट्सची झेरॉक्स फिकट असते, चाळिशीवाल्यांनी चष्मा न्या. नवी बॅच दिवाळीनंतर आहे. फी एकदम मागतात, पण दोन हप्त्यांत दिली तरी घेतात, फक्त आपणहून सांगत नाहीत.